जुनी खतावणी कधी मिटायची?

कचेरी, हिशोब आणि संगणक यांविषयी वाचक जे विचारतात, त्याला या पानावर मी उत्तरं देते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत 31 वर्षं नोकरी केली. लिपिक म्हणून लागले, व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. आता गुहागरला असते. या महिन्यातली तीन पत्रं एकाच प्रश्नाची आहेत: जुनं बंद करून नवीन सुरू करायचं, पण कसं? म्हणून ती एकत्र घेते.

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. दापोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा मी सचिव आहे. मुख्य कार्यालय दापोलीत, शाखा हर्णे, आंजर्ले, केळशी आणि दाभोळला. सभासद नऊ हजारांच्या आसपास, कर्मचारी 23, पिग्मी एजंट 14. आमचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या संगणकभाषेतला, 1999 साली करून घेतलेला. प्रत्येक शाखेचा डेटा वेगळा, संध्याकाळी पेनड्राइव्हवर मुख्य कार्यालयात येतो. ज्यांनी तो लिहिला ते गृहस्थ आता हे काम करत नाहीत, त्यामुळे काही बिघडलं तर विचारायला कोणी नाही. सगळ्या शाखा एकत्र जोडणारं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचा ठराव संचालक मंडळाने केला आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, 31 मार्चला रात्री जुनं बंद, 1 एप्रिलला सगळीकडे नवीन. चेअरमनना ते पसंत आहे. गावची विकास सोसायटी केंद्राच्या योजनेतून संगणकावर गेली, मग आपण मागे का, असं ते म्हणतात. कर्मचारी म्हणतात, निदान वर्षभर दोन्ही बरोबर चालवा. हर्ण्याची मुलं उत्साही आहेत, ती म्हणतात आधी आमच्याकडे करा. मला रात्री झोप लागत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर

दादा, तुमची झोप उडाली आहे हे मला बरं वाटलं. लोकांच्या ठेवी ज्याच्या सहीने चालतात त्याची या दिवसांत झोप उडायलाच हवी.

आधी मी काय पाहिलं ते सांगते. 2008 सालच्या एप्रिलात आमच्या संस्थेत हेच झालं, जसं तुमच्या कंपनीचा माणूस सांगतो आहे तसंच. 31 मार्चला रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही जागलो, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, जुळली, सगळ्यांनी चहा घेतला आणि पहाटे नवीन प्रोग्रॅम त्याच यंत्रांवर चढवला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने एक मासळीवाली बाई आली. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेलं. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी 12 हजार काढायचे होते. मी खातं उघडलं तर शिल्लक 340 रुपये. पुन्हा उघडलं, तेच. ती काउंटरच्या जाळीला धरून उभी होती. म्हणाली, "बाय, माजे पैसे गेले का?"

पैसे गेले नव्हते. तिच्या वाडीत तिच्याच नावाची, नवऱ्याचंही नाव तेच असलेली दुसरी एक बाई होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये खातं हेच सगळं होतं. नव्यात आधी माणूस, मग त्याची खाती. डेटा हलवताना दोन बायकांची एक बाई झाली आणि खाती इकडची तिकडे गेली. हे कळायला आम्हाला चार दिवस लागले. जुन्यात बघून खात्री करावी, तर जुनं त्याच यंत्रावरून पुसलेलं. तिचं पासबुक मी स्वतः हाताने लिहिलेलं होतं, त्यावर माझी सही होती, तेवढ्या आधारावर चेअरमनच्या संमतीने तिला पैसे दिले. पण तोवर बातमी जेटीवर पोचली होती. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत रांग. त्या रांगेतल्या प्रत्येकाला आम्ही पैसे दिले, एकालाही परत पाठवलं नाही. तरी त्यातले कित्येक पुन्हा आमच्याकडे ठेव ठेवायला आले नाहीत.

म्हणून कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न विचारा: बिघडलं तर परत कसं यायचं, आणि किती वाजेपर्यंत येता येईल? धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना आपण परतीची शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारतो, मगच बोटीत गाडी चढवतो. तेच इथे. "काही बिघडणार नाही" हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. जुन्या यंत्रांना हात लावू देऊ नका. नवीन प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर, आणि जुनी यंत्रं चालू अवस्थेत त्याच टेबलाशेजारी. खर्च वाढतो, पण हा खर्च ठरावात घालून घ्या.

आता बदलायचे मार्ग. एका दिवसात सगळं, हा कंपनीचा मार्ग. दोन्ही बरोबर चालवायचं, हा तुमच्या कर्मचाऱ्यांचा. आधी एका ठिकाणी करून बघायचं, हा हर्ण्याच्या मुलांचा. चौथा, तुकड्या-तुकड्याने, म्हणजे एकेक शाखा किंवा एकेक योजना. यातला कुठलाच मुळात वाईट नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी मध्यरात्री एका झटक्यात आला, कारण एकाच मालावर दोन कर-कायदे बरोबर चालवता आले नसते. उलट 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, तेव्हा आणे आणि नवे पैसे काही वर्षं बरोबरीने चालले. 'नया पैसा' मधला 'नया' हा शब्द गेला 1964 साली. माझी आजी सांगायची, दुकानात तक्ता लावलेला असे: एक आणा म्हणजे 6 नवे पैसे, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. एकेक आण्याच्या सोळा वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर 96 पैसे, आणि एकदम घेतल्या तर रुपया. त्या चार पैशांवरून भांडणं होत.

ते चार पैसे तुमच्याकडेही येणार आहेत. बँकांना 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज द्यावं लागतं. त्याआधी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरत. तुमचा 1999 चा प्रोग्रॅम यातलं कुठलं गणित करतो? तुमच्या पोटनियमांत कुठलं आहे? आणि नव्यात कंपनीने कुठलं बसवलंय? मला खात्री आहे की या तिन्हींची उत्तरं आज तुमच्याकडे एका कागदावर नाहीत. ती आणा. दोन प्रोग्रॅमचं व्याज जुळलं नाही की माणसं नव्याला दोष देतात, आणि पुष्कळदा चूक जुन्यात दहा वर्षं मुरलेली निघते.

कर्मचारी म्हणतात वर्षभर दोन्ही चालवा. त्यांची भीती रास्त आहे, पण वर्षभर ते जमणार नाही. दिवसभराची व्हाउचरं दोनदा भरायची म्हणजे संध्याकाळचे साडेसात-आठ. पहिला आठवडा उत्साहात जातो. दहाव्या-बाराव्या दिवशी कोणीतरी दमून जुन्या पडद्यावरचे आकडे बघून नव्यात भरतो. त्या क्षणी मेळ घालण्याला अर्थ उरत नाही. दोन्ही आकडे जुळतात कारण ते एकाच ठिकाणाहून आलेले असतात. मी असा मेळ पाहिला आहे, महिनाभर रोज जुळणारा. म्हणून दोन्ही बरोबर चालवायचं तर नियम एकच आणि कडक: नव्यात जे भरायचं ते व्हाउचरवरून, जुन्या पडद्यावरून कधीच नाही. शक्य असेल तर माणूसही वेगळा. रोज संध्याकाळी रोख शिल्लक, तेरीज आणि व्हाउचरांची संख्या जुळवा. शिवाय चिठ्ठ्या टाकून पाच खाती काढा आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पडताळा. सलग दहा दिवस सगळं जुळलं की थांबा. तीन आठवड्यांत असे दहा दिवस मिळालेच नाहीत, तर चूक कर्मचाऱ्यांच्या सवयीत शोधू नका, प्रोग्रॅममध्ये आहे.

आणि या काळात खरं कुठलं ते आधी लिहून ठेवा. पासबुक आणि पावती एकाच यंत्रातून छापली जाईल, असा ठराव करा. एका खातेदाराच्या हातात दोन शिलका गेल्या की तुमच्याकडे उत्तर नसतं.

सुरुवात कुठे करायची, यात मी हर्ण्याच्या मुलांचं अर्धं ऐकेन. हर्णे नको. तिथे संध्याकाळच्या लिलावानंतर जी रोकड येते, तिच्यात चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडते, आणि तोवर माणसं पुन्हा समुद्रात गेलेली असतात. पण अगदीच निवांत शाखाही नको, तिथे काही शिकायला मिळत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला आंजर्ले योग्य वाटतं, मात्र तिथे ठेवी, सोनेतारण, आवर्त ठेव, पिग्मी सगळे प्रकार आहेत ना, ते बघून घ्या. हर्ण्याची दोन हुशार मुलं तेवढे दिवस खाडीपुलावरून आंजर्ल्याला पाठवा. उद्या तीच मुलं बाकीच्या शाखांना शिकवतील, आणि ती शिकवतील तसं कंपनीचा माणूस शिकवणार नाही. पिग्मी एजंटांना मात्र विसरू नका. त्यांच्या हातातलं यंत्र नव्या प्रोग्रॅमला जुळतं का, पावतीवर नाव नीट येतं का, हे एका एजंटाबरोबर अख्खी गल्ली फिरून बघा.

नंतर एकेक शाखा. योजना तोडू नका, म्हणजे आधी ठेवी नव्यात आणि कर्जं जुन्यात, असं करू नका. ठेवतारण कर्ज दोन्हीकडे लोंबकळतं आणि रोजकीर्द दोन ठिकाणी फाटते. शाखा-शाखेने गेलात तरी एक जागा दुखते, ती म्हणजे शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यातलं खातं. अर्ध्या शाखा जुन्यात, अर्ध्या नव्यात असतील तेवढे दिवस ते खातं एका माणसाने रोज हाताने जुळवायचं. त्याला दुसरं काम देऊ नका.

कधी, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 31 मार्च तर अजिबात नको. त्या आठवड्यात वसुली, व्याजाची तरतूद, लेखापरीक्षणाची तयारी, सगळे आधीच अर्धमेले झालेले असतात. आकडे वर्षाअखेरीला स्वच्छ मिळतात हे कंपनीचं म्हणणं खरं आहे, पण ते तिच्या सोयीचं आहे. एप्रिल-मे आंब्याचा पैसा, लग्नं, मुंबईहून आलेली माणसं. जूनमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग गणपती, मग भात कापणी, मग दिवाळी. आपल्याकडे मोकळी खिडकी एकच, डिसेंबर आणि जानेवारी. पाऊस गेलेला असतो, वीज टिकते, काउंटरवर गर्दी बेताची. 30 नोव्हेंबरची तेरीज जुळवा आणि 1 डिसेंबरला आंजर्ले सुरू करा. जानेवारीत केळशी आणि दाभोळ, मग हर्णे, शेवटी मुख्य कार्यालय. 10 फेब्रुवारीपर्यंत जेवढं झालं तेवढं. उरलं ते पुढच्या डिसेंबरला. मधले महिने हातानं एकत्रीकरण करावं लागेल, चेअरमन नाराज होतील. होऊ द्या.

त्यांना हेही सांगा की विकास सोसायट्यांची जी योजना ते म्हणतात, ती 2022 साली मंजूर झाली तेव्हा 63 हजार संस्थांसाठी होती, आणि त्या काही एका रात्रीत फिरल्या नाहीत.

मात्र आजपासून डिसेंबरपर्यंत हात बांधून बसायचं नाही. खरं काम याच महिन्यांत आहे. एक म्हणजे नावं. तुमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी आहे ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधली असणार. त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि वर मराठीचं चित्र. फॉन्ट नसला की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. ते युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत, पण रफार त्यांना चकवतो. आमच्याकडे 'हर्णे' चं 'हणेर्' झालं होतं आणि 'मुर्डी' चं 'मुडीर्'. आडिवऱ्याच्या एका खातेदाराच्या पत्त्यातला 'ऱ्या' तर नाहीसाच झाला. तुमची तर शाखाच हर्ण्याला आहे. नऊ हजार नावं छापून काढा, शाखेप्रमाणे वाटा, आणि त्या गावात राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडून वाचून घ्या. बाहेरच्याला चूक दिसणार नाही, गावचा माणूस एका नजरेत बोट ठेवेल. त्याच यादीत एकाच नावाची माणसं शोधा आणि ती खरोखर एकच आहेत का, हे घरी जाऊन विचारा. फॉर्मवर विसंबू नका.

दुसरं, 30 सप्टेंबरच्या अर्धवार्षिक व्याजाची रंगीत तालीम. जुन्याने जे व्याज काढलं तोच डेटा नव्यात घालून पुन्हा काढा. प्रत्येक योजनेतली वीस-पंचवीस खाती कागदावर स्वतः गणित करून तपासा. मार्चअखेर नव्यात करायचा म्हणजे तो आधी एकदा खोटा करून बघितलेला हवा.

तिसरी गोष्ट लहान, पण लोकांच्या डोळ्यांत तीच येते. पासबुक छापणारं यंत्र. नव्या प्रोग्रॅमच्या ओळी जुन्या पासबुकात बरोबर घडीवर पडतात का, ते शंभर पासबुकं घालून बघा. घडीवर पडलेली शिल्लक वाचता येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं की आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

शेवटी, सगळ्या शाखा एकदम सकाळी दहाला काम करू लागल्या तर नवीन यंत्रणा तग धरते का, हे एका रविवारी सगळ्यांना बसवून पाहा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये एका शनिवार-रविवारात आपले सुमारे 52 लाख ग्राहक नव्या यंत्रणेवर नेले. डेटा नीट पोचला होता. यंत्रणाच तग धरू शकली नाही, आणि सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. 2022 साली तिथल्या नियामकांनी त्या बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड केला. तुमच्याकडे पाच ठिकाणं आहेत, पण केळशीचं नेटवर्क कसं असतं ते तुम्ही जाणता. प्रत्येक शाखेत दुसऱ्या मोबाइल कंपनीचं एक सिम जोडणीसाठी ठेवा, आणि दोन्ही बंद पडली तर हाताने पावती फाडायची पुस्तकं, क्रमांक घातलेली, कपाटात ठेवा.

पत्र दुसरं

ताई, आमची राजापूर तालुक्यातल्या एका बंदरावरची मच्छिमार सोसायटी आहे. 58 बोटी. डिझेल, बर्फ आणि उचल यांचा सगळा हिशोब वहीत. लिपिक एकच, तेही पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आता संगणकावर घ्यायचं ठरलं आहे. आम्हाला सांगतात की सहा महिने वही आणि संगणक दोन्ही चालवा. एका माणसाला ते जमेल असं वाटत नाही. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर

आहे, आणि तुमच्या धंद्यानेच तो दिलेला आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, डिझेलची उचल नाही, बर्फ नाही. वर्षात एवढेच दिवस असे असतात की वही हलत नाही. वरच्या पत्रातल्या सचिवांना मी एका दिवसात सगळं बदलू नका म्हटलं. तुम्ही बदला. तुमच्या काउंटरवर त्या दिवशी कोणी उभं नसेल, आणि काही चुकलं तर दुरुस्तीला जुलै हाती आहे. एका माणसावर दोन्ही चालवायचं ओझं टाकलंत तर दोन्ही बिघडतील.

पण जूनच्या पहिल्या आठवड्यात संगणकाला हात लावू नका. आधी वही घेऊन बसा. प्रत्येक बोटीचं येणं-देणं काढा आणि मालकाची त्यावर सही घ्या: एवढी शिल्लक मला मान्य आहे. या दिवसांत मालक घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, वेळ देतात. ऑगस्टनंतर ते तुम्हाला सापडणार नाहीत. मान्य न झालेली रक्कम संगणकात चढली की पुढची पाच वर्षं "ही चूक मशीनची" हेच ऐकावं लागतं.

तुमचे लिपिक बोटी कशा ओळखतात ते विचारा. मला खात्री आहे की वहीत नोंदणी क्रमांक क्वचितच असेल. मालकाचं टोपणनाव असेल, नाहीतर "मधल्या वाडीची निळी". त्यांना ते पुरतं, आणि संगणकालाही शिकवता येतं, पण ते शिकवायचं ते नोकरीत आहेत तोवरच. त्यांच्या शेजारी एका तरुण मुलीला किंवा मुलाला जूनभर बसवा. टोपणनाव, नोंदणी क्रमांक, मालक, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख), असं एक पान प्रत्येक बोटीला करा. डिझेलच्या परताव्याला बोटीप्रमाणे नोंद लागतेच, तेव्हा हे पान तुम्हाला तिथेही उपयोगी पडेल. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते वहीत नसतं, आणि ते एकदा गेलं की कुठलाही प्रोग्रॅम ते परत आणत नाही. मला याची फार कळकळ आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर अशी दोन माणसं गेली आणि आम्ही त्यांना विचारायचं राहून गेलं.

1 ऑगस्टला समुद्र खवळलेला असेल तर बोटी लगेच निघत नाहीत, कित्येक जण नारळी पौर्णिमेला नारळ देऊनच निघतात. गर्दी हळूहळू येईल, हेही तुमच्या बाजूचं. पहिले 15 दिवस डिझेलची पावती कार्बन लावून हाताने फाडा आणि संध्याकाळी त्यावरून संगणकात भरा. एवढं एका माणसाला जमतं. पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरा. बॅटरी चांगली घ्या, आणि रोजचा डेटा दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा बंदरावरची नको. खारं वारं यंत्रांना खातं. जुनी वही 31 जुलैच्या तारखेला तिरकी रेघ मारून, चेअरमन आणि लिपिक दोघांच्या सहीने बंद करा.

पत्र तिसरं

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात 18 हजार पुस्तकं आहेत. सगळी संगणकावर चढवून मगच देवघेव संगणकाने करायची, तर वाचनालय दोन महिने बंद ठेवावं लागेल असं सांगतात. वर्गणीदार रागावतील. काय करावं?

उत्तर

बंद ठेवू नका. पुस्तक परत आलं की ते चढवायचं, एवढा एकच नियम करा. ग्रंथपालांच्या टेबलावर रोज वीस-तीस पुस्तकं परत येत असतील. तेवढ्यांना क्रमांकाची पट्टी लावा, नाव-लेखक भरा आणि मगच कपाटात ठेवा. पट्टी असलेलं पुस्तक संगणकावर द्यायचं, नसलेलं जुन्या कार्डावर. वाचणारी माणसं जी पुस्तकं नेतात ती फिरती असतात. काही महिन्यांत तुमची बहुतेक देवघेव आपोआप संगणकावर आलेली असेल, आणि कोणाला एक दिवसही परत पाठवावं लागलेलं नसेल.

उरतील ती कपाटात बसलेली पुस्तकं. ती पावसाळा संपल्यावर, कपाटं उन्हं दाखवायला आणि कसर बघायला उघडता तेव्हा, एकेक कपाट घेऊन करा. काही पुस्तकं यादीत असतील आणि फळीवर नसतील. त्यांची वेगळी यादी ठेवा, घाईने 'गहाळ' लिहू नका, कोणाच्या तरी घरी सापडतात. सुरुवात मात्र दिवाळी अंकांच्या दिवसांत नको. तेव्हा एका अंकासाठी चार जण थांबलेले असतात आणि नव्या पडद्यावर नाव शोधायला वेळ लागतो. जानेवारीत सुरू करा. पुस्तकाच्या आतल्या खिशातलं जुनं कार्ड पट्टी लावल्यावरही काढू नका, वर्षभर तिथेच राहू द्या. वीज गेली की त्याच्यावरच पुस्तक द्यायचं आहे.